जपानी ठसे बेलापुरात कशाला? एका वाचकाच्या पत्राला उत्तर

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

जपानी पद्धतीनं लाकडी ठसे छापणाऱ्या आमच्या ग्रुपच्या छोट्याशा प्रदर्शनाची बातमी तुम्ही फोटोसकट छापलीत, त्याबद्दल आधी थँक्यू. त्यानंतर रविवारच्या वाचकांच्या पत्रांत एकांनी त्यावर लिहिलं, की आपल्या कला मरायला टेकल्यात, सावंतवाडीची गंजिफा (हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते) बघायला कुणाला वेळ नाही आणि बेलापुरातले हे रिकामटेकडे जपानी ठसे छापत बसलेत, हा पैसेवाल्यांचा टाइमपास आहे वगैरे. त्यांचा राग मला अर्धा पटतो. उरलेल्या अर्ध्याला उत्तर द्यावंसं वाटलं म्हणून मोबाइलवर टाइप करतोय, शुद्धलेखन तुमच्याकडचं कोणीतरी बघून घेईल अशी आशा आहे.

"पैसेवाले" म्हटलंय म्हणून आधी मी कोण ते सांगतो. मी ऐरोलीत राहतो, नोकरी सगळी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एमआयडीसीत, एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून. पॅटर्नमेकर म्हणजे काय हे आजकाल समजावून सांगावं लागतं, तर बिडाचा पंप किंवा गिअरबॉक्सचं केसिंग ओतायचं असलं की आधी त्याच आकाराचा लाकडी नमुना लागतो, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, नमुना अलगद वर काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. तो लाकडी नमुना आम्ही करायचो, सागवानात, कधी देवदारात, रंधा आणि पटाशीनं, ड्रॉइंग समोर ठेवून. पुढे कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आलं, थर्माकोलचे पॅटर्न आले, आमच्या शॉपचं स्टोअर झालं, मला व्हीआरएस मिळाली. पटाश्या घरी आल्या आणि माळ्यावर गेल्या.

शेजारची मुलगी जेजे आर्ट स्कूलला शिकते, ती एकदा तिची ठसे कोरायची हत्यारं घेऊन आली, काका जरा धार लावून द्या म्हणाली. हत्यारं जपानी, बोटभर लांबीची. मी दगडावर धरली आणि लगेच कळलं की हा साधा प्रकार नाही. एका बाजूला कडक पोलाद, त्याच्या पाठीला मऊ लोखंड, दोन्ही एकत्र घडवलेली, त्यामुळे दगडावर मऊ भाग पटकन झिजतो आणि कडक भागाची धार टिकते. ज्यांनी हे बनवलं त्यांना लाकडातलं काहीतरी कळतं म्हटलं, आणि त्या पोरीबरोबर पनवेल लोकल पकडून बेलापूरला या ग्रुपकडे गेलो. अजून जातोच आहे.

बातमीत आमचं काम एका ओळीत उरकलं होतं, लाकडी ठशाला रंग लावून कागदावर उमटवतात म्हणून. ते चूक नाही, पण तेवढंच असतं तर मी गेलो नसतो. याला मोकुहांगा म्हणतात. चित्र पातळ कागदावर काढायचं आणि तो कागद फळीवर उलटा चिकटवायचा. मग बोटानं चोळून चोळून मागचा कागद जवळजवळ सगळा काढून टाकायचा, तेलाचं बोट फिरवायचं, की रेषा खालून स्पष्ट दिसतात. प्रत्येक रेषेच्या दोन्ही अंगांनी सुरीनं काप द्यायचा. इथे मला पहिल्याच दिवशी घरी आल्यासारखं झालं, कारण काप सरळ खाली द्यायचा नाही, थोडा तिरका, बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे रेष वर बारीक आणि बुडाशी रुंद राहते आणि छपाईच्या दाबाखाली मोडत नाही. आम्ही पॅटर्नला टेपर द्यायचो तो वाळूतून सुखरूप बाहेर यावा म्हणून, कारण वेगळं पण हात तोच. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना हा कोन समजावला तेव्हा बाकीचे वहीत लिहून घेत होते, मी नुसता हसत होतो.

उरलेलं लाकूड गोल पटाशीनं कोरून काढायचं, त्यात विशेष काही नाही, अंगमेहनत आहे.

खरी गंमत आहे केंतोची, म्हणजे कागद दर वेळी त्याच जागी बसवायच्या खुणांची. फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनाची खाच आणि त्याच कडेला थोडं पुढे एक सरळ खाच, बस. कागदाचा कोपरा एका खाचेत, कड दुसऱ्या खाचेला टेकवायची. प्रत्येक रंगाची फळी वेगळी आणि प्रत्येकीवर या दोन खाचा अगदी त्याच जागी, म्हणजे आठ-दहा रंग छापले तरी सगळे आपापल्या घरात बसतात. मशीन नाही, फिक्स्चर नाही, लाकडातच दोन काप. मी जन्मभर टॉलरन्समध्ये, म्हणजे माप किती चुकलं तर चालेल त्या हिशोबात काम केलेला माणूस, मला विचाराल तर या दोन खाचा होकुसाई या जपानी चित्रकाराच्या प्रसिद्ध लाटेपेक्षा मोठी कलाकृती आहे, अर्थात आमच्या ग्रुपमध्ये हे मत फक्त माझं एकट्याचं.

पण केंतो कितीही अचूक कापला तरी कागद ओला असतो ना. छापताना कागद सारखा दमट ठेवावा लागतो, कोरड्या कागदात पाण्याचा रंग शिरत नाही. आणि दमट कागद फुगतो, वाळला की आकसतो, म्हणजे मधेच जरा वाळला की पुढचा रंग सरकलाच. आमच्याकडे बिडासाठी श्रिंकेज स्केल असायची, मीटरला साधारण १० मिलीमीटर जास्तीची पट्टी, कारण बीड थंड होताना तेवढं आकसतं. इथे अशी पट्टी कुणी देत नाही, इथे पंखा बंद करतात. मे महिन्यात बेलापूरला, बंद खोलीत, पंखा बंद करून दुपारभर छपाई करायची, ज्यांना हे पैसेवाल्यांचं काम वाटतं त्यांनी एकदा येऊन बसावं. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, कागद वाळतच नाही, त्यावर बुरशी येते, म्हणून दमट कागदांची चळत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची, त्यावरून घरोघरी काय बोलणी बसतात ते इथे लिहीत नाही.

रंग म्हणजे पाण्यातली रंगद्रव्यं आणि त्यात तांदळाच्या खळीचा ठिपका. ब्रशनं फळीवर पसरायचे, कागद ठेवायचा आणि वरून बरेननं घासायचं. बरेन म्हणजे तळहातात मावेल एवढी गोल चकती, आत बांबूच्या कोंबावरच्या सालीच्या बारीक पट्ट्या वळून केलेली दोरी, तिचं वेटोळं, बाहेरून त्याच सालीचं आवरण. दोरीच्या प्रत्येक गाठीचा टोक-टोक दाब कागदावर पडतो आणि रंग कागदाच्या आत जातो, नुसता वर बसत नाही. म्हणून या प्रिंटचा रंग ऑफसेटच्या रंगापेक्षा वेगळा दिसतो, फोटोत ते कळत नाही, तुमच्या पेपरातल्या फोटोत तर अजिबात कळलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं व्हिडिओत बघायला मिळतं, मीही बघितलंय. पण दाब किती, खळ किती, कागद किती ओला, हे बघून समजत नाही. बाई निवृत्त चित्रकला शिक्षिका आहेत, त्या छपाई शिकवताना आपला हात तुमच्या हातावर ठेवतात आणि दोघांच्या हाताखाली बरेन फिरतो, मग कळतं की आपण निम्मा जोर उगाच खांद्यातून लावत होतो. दुसऱ्या टेबलावर कोणी छापत असलं की त्या पाठमोऱ्या बसून सांगतात, खळ जास्त झाली, कारण बरेनचा आवाज चिकट येतो. नेरुळचे एक डेंटिस्ट येतात, त्यांचा हात एवढा स्थिर की डोळ्याच्या पापण्यांच्या रेषा त्यांच्याकडे जातात. एक आयटीवाली मुलगी आहे, ती कागदाची ओल वजनानं मोजते, किचनच्या काट्यावर, कोरडा किती ओला किती, आधी आम्ही तिला हसायचो आता सगळे तिचा तक्ता वापरतो. हत्यारांना धार माझ्याकडे. सुट्टीच्या दिवसांत दोन तासांचं वर्कशॉप करतात तिथे हजार-दीड हजार रुपये घेऊन तुम्हाला एक तयार ठसा छापून घरी पाठवतात, त्यात वाईट काही नाही, पण त्याला शिकणं म्हणू नये. माझ्या मते हे काम एकट्यानं शिकताच येत नाही.

जपानमध्येही ते एकट्याचं कधीच नव्हतं. एडो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, चार जण लागायचे, चित्र काढणारा एशी, कोरणारा होरिशी, छापणारा सुरिशी, आणि पैसा लावून सगळ्यांना कामाला लावणारा प्रकाशक, हानमोतो. कोरणाऱ्यांतही उतरंड, चेहरा आणि केस कोरायचे ते मुख्य कारागिरानं, कपडे आणि बाकीचं उमेदवारांनी. कपाळाजवळचे केस बघा कधी जुन्या प्रिंटमध्ये, एकेक केस वेगळा उभा आहे आणि तो रंगवलेला नाही, त्याच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकलेलं आहे. रंगीत छपाई १७६५ च्या सुमाराला सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून बहरली आणि पुढची शंभर वर्षं असे कारखाने चालले. आणि पैसेवाल्यांचं म्हणाल तर एका प्रिंटची किंमत साधारण एका वाडगाभर नूडल्सएवढी असायची, हमाल, दुकानदार, नाटकवेडे लोक विकत घ्यायचे, आवडत्या नटाचं चित्र घरी लावायला. आज म्युझियममध्ये काचेमागे आहे म्हणून ती श्रीमंतांची कला होत नाही.

आम्ही खर्च कसा भागवतो तेही सांगतो. चेरीचं लाकूड आपल्याकडे मिळत नाही, सागवान या कामाला तेलकट आणि त्याचे रेशे भरड, छपाईत उमटतात. मी वखारीतून हेदूचे तुकडे आणून रंधा मारून दिले, बारीक पोताचं लाकूड, सुरी सुंदर चालते. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद चांगला पण तो कापडाच्या चिंध्यांचा, तंतू आखूड, बरेन जोरात फिरवला की वर लव येते. जपानी कागद कोझो नावाच्या झुडपाच्या सालीचा, तंतू लांब, म्हणून एवढा पातळ असून फाटत नाही, तो फक्त शेवटच्या प्रतींना वापरतो, सरावाला नेपाळचा लोक्ता कागद. बरेनच्या आवरणासाठी आपल्याकडच्या बांबूची साल बुरडांकडून आणून पाहिली, तिला कुसं असतात, कागद ओरखडतो, त्यामुळे ते आवरण अजून तरी जपानहूनच येतं. हत्यारं ग्रुपची मिळून, ज्याला लागतील तो नेतो आणि धार लावायला मला आणून देतो.

आता आपलं-परकं. सावंतवाडीच्या गंजिफाचं उदाहरण पत्रात आहे आणि ते मला फार आवडलं, कारण गंजिफा हा मुळात इराणकडून आलेला खेळ, मुघलांबरोबर इथे रुळला. आपल्या लोकांनी त्यात दशावतार घातले, दहा अवतारांचे बारा-बारा असे १२० पत्ते केले आणि तो इतका आपला झाला की आज आपणच त्याच्यासाठी भांडतोय. आणि तो वाचला कसा? १९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी त्यात लक्ष घातलं, राणीसाहेब स्वतः म्हाताऱ्या चिताऱ्याकडे बसून शिकल्या, राजवाड्यातच काम सुरू केलं, चार हात एका जागी बसले. नुसतं "आपली कला मरतेय" म्हणून पत्र लिहून ते झालं नाही. (हे जरा लागेल पत्रलेखकांना, असू दे.)

दुसरं असं की जपानी म्हणून जे आपण बघतो त्यात जपानी किती? छपाईच मुळात चीनकडून बौद्ध धर्माबरोबर तिथे गेली. जपानमधला सगळ्यात जुना छापील मजकूर म्हणजे आठव्या शतकात सम्राज्ञी शोतोकूनं दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवले, त्यात ठेवलेल्या धारणी, म्हणजे चिनी अक्षरांत लिहिलेले पण मूळचे संस्कृत मंत्र. होकुसाईच्या त्या प्रसिद्ध लाटेतला निळा रंग, प्रशियन ब्लू, बर्लिनमध्ये सापडलेला, व्यापाऱ्यांमार्फत जपानला पोचला. ती लाट १८३१ च्या आसपासची, फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांमधली, खप एवढा झाला की छत्तीसवर आणखी दहा काढली. आता २०२४ पासून ती जपानच्या हजार येनच्या नोटेवर आहे, जर्मन निळ्यासकट. हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराची चित्रं व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये तेलरंगात उतरवून काढली, त्याला कुणी विचारलं असेल का की हॉलंडच्या कला मरतायत आणि तू हे काय करतोस?

आणि ते लोक आपल्याकडेही आलेले आहेत. आराई काम्पो नावाचा चित्रकार शंभर वर्षांपूर्वी रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून कोलकात्यात येऊन राहिला, अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकला केल्या. हिरोशी योशिदा १९३० च्या सुमाराला भारत फिरून गेला आणि परत जाऊन ताजमहालाचे, उदयपूरचे, वेरूळच्या लेण्याचेसुद्धा ठसे कोरून छापले. वेरूळ जपानी लाकडावर कोरलं गेलं तेव्हा आपण खूशच होतो, मग फुजी बेलापुरात छापला तर बिघडलं कुठे? तसे आम्ही फुजी छापतही नाही. बेलापूरच्या खाडीवरचे फ्लेमिंगो, पारसिकचा डोंगर, ऐरोलीचा पूल पावसात, हेच विषय. आकाशाला हिरोशिगेसारखी छटा देतो, बोकाशी म्हणतात, ब्रशच्या एका कडेला रंग आणि दुसऱ्या कडेला पाणी घेऊन फळीवर ओढायचा, प्रत्येक प्रतीला पुन्हा नव्यानं, त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या कधी येत नाहीत. पारसिकमागचं जूनमधलं आकाश त्या छटेत जे उतरतं ते मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं जमेलसं वाटत नाही.

मिरजेची १८०५ ची गीताही या पत्रलेखकांना आठवत असेल. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून छापलेली, नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात सुरू झालेलं काम मिरजेच्या पटवर्धनांनी पुरं करून घेतलं. कोरणारा तांबट होता. तंत्र इंग्रजाकडून उचललेलं, हात आपला. मला त्या तांबटाबद्दल फार वाटतं, कारण आता जे लिहिणार आहे ते त्याच्याच जातीचं दुखणं आहे, जात म्हणजे कोरणाऱ्यांची जात.

प्रदर्शनातलं मोठं चित्र, तुम्ही ज्याचा फोटो छापलात, खाडीवरच्या फ्लेमिंगोंचं, ते तिघांचं आहे. रेखाटन त्या जेजेच्या मुलीचं, कोरलंय मी, छापलंय बाईंनी. बातमीत नाव फक्त मुलीचं. तुमची चूक नाही, तुम्हाला जो कागद मिळाला त्यात तसंच होतं, कारण त्याआधी ज्या हॉलमध्ये प्रदर्शन लावलं त्यांच्या फॉर्मवर "कलाकाराचे नाव" असा एकच रकाना, आम्ही तीन नावं लिहिली तर तिथले गृहस्थ म्हणाले मुख्य कलाकार कोण ते ठरवून या. मुलगी बिचारी कावरीबावरी झाली, काका मी काय करू म्हणाली. मी म्हटलं तुझंच लिही. पण डोक्यातून जाईना. फाउंड्रीतही हेच होतं, ड्रॉइंगवर ड्राफ्ट्समनची सही, कास्टिंगवर कंपनीचा छाप, आणि ज्या पॅटर्नमधून शेकडो पंप निघाले तो करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. तेव्हा पगार मिळत होता, बोललो नाही.

जपानमध्येही बहुतेक प्रिंटवर चित्रकाराची सही आणि प्रकाशकाचा शिक्का, कोरणारा-छापणारा गायब. पण होकुसाईला कळत होतं. तो स्वतः पोरवयात ठसे कोरायचं काम शिकलेला. म्हातारपणी त्यानं प्रकाशकाला पत्र लिहून आग्रह धरला की माझं काम एगावा तोमेकिचीकडूनच कोरून घ्या, दुसरे लोक माझ्या माणसांची नाकं त्यांच्या सवयीची करून टाकतात. फुजीच्या शंभर दृश्यांचं त्याचं पुस्तक आहे, १८३४ चं, त्यात तोमेकिचीचं नाव छापलेलं आहे. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या चित्रकारांपैकी एकाला कोरणाऱ्याचं नाव छापल्यानं कमीपणा आला नाही.

आमच्या ग्रुपमध्ये यावर वाद आहेत. तरुण मंडळी म्हणतात काका हे जुनं झालं, १९०४ मध्ये यामामोतो कानाएनं स्वतः काढून स्वतः कोरून स्वतः छापलेलं मच्छीमार कोळ्याचं चित्र केलं तेव्हापासून एकट्यानं सगळं करायचीही परंपरा आहे. आहे ना, कोण नाही म्हणतंय. आमचा वर्षाचा अदलाबदलीचा कार्यक्रम त्याच पद्धतीनं असतो, एक विषय ठरवायचा, प्रत्येकानं आपला ठसा स्वतः करायचा आणि जेवढे मेंबर तेवढ्या प्रती काढून वाटायच्या, वर एक ग्रुपच्या फाइलला. बाहेरदेशीही या कलेची माणसं अशी अदलाबदल करतात, २०११ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदाही भरतात, पहिली क्योतो आणि आवाजी बेटावर झाली. डेव्हिड बुल म्हणून एक गृहस्थ कॅनडाहून तोकियोत जाऊन राहिले, दहा वर्षं लावून शंभर कवींच्या जुन्या चित्रमालिकेचे सगळे ठसे एकट्यानं कोरून छापले. मी त्यांना मानतो. पण नंतर त्यांनीही तोकियोत स्वतःचं दुकान-कारखाना काढून शिकाऊ छपाईवाले बसवलेच की! अदलाबदलीत मी दर वेळी गिअर नाहीतर पंपाचं केसिंग छापतो, मला तेवढंच काढता येतं, आणि पोरं हसून का होईना घेऊन जातात. फ्लेमिंगो मात्र मला तीन जन्मांत काढता आला नसता, आणि त्या मुलीला त्याचं पीस कोरता आलं नसतं, निदान अजून तरी नाही.

राहिला जागेचा प्रश्न. आत्ता आम्ही बाईंच्या घरी बसतो, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखलेली वसाहत, सात-सात बैठी घरं एका अंगणाभोवती, आता कित्येकांनी मजले चढवलेत, पण अंगणं शाबूत आहेत आणि कोरायचं काम आम्ही तिथेच करतो, ठोकाठोकीबद्दल शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही. पण बाईंचा मुलगा सहकुटुंब परत येतोय, घर लागणार, ते त्यांचंच आहे. समाजमंदिरं, सभागृहं शहरात ढीगभर आहेत, बारसं, हळदीकुंकू, साखरपुडा यासाठी मिळतात. आम्ही एका ठिकाणी विचारलं तर क्लास आहे की धंदा आहे की संस्था आहे, रजिस्ट्रेशन दाखवा. आम्ही यातलं काहीच नाही, काही माणसं रविवारी सकाळी एकत्र बसून काम करतात एवढंच. आम्हाला लागतो एक नळ, दोन मोठी टेबलं, आणि बंद करता येईल असा पंखा. वास नाही, केमिकल नाही, तेलरंग नाही, मशीनचा आवाज नाही, लाकडाचा भुसा आम्ही झाडून घेऊ. ऐरोली ते बेलापूर कुठेही चालेल, ठाण्याची दोघं-तिघं येतात म्हणून स्टेशनजवळ असेल तर बरं. कुठल्या सोसायटीचं ऑफिस रविवारी रिकामं असेल तर पेपरमार्फत कळवा.

पत्रलेखकांनाही बोलावतोय, मनापासून. त्यांना गंजिफाची एवढी कळकळ आहे तर त्यांनी तो विषय घेऊन यावं, दशावतारातला एक पत्ता आपण लाकडात कोरून बघू, कूर्मावतार मला जमेल असं वाटतं, पाठ गोलच असते. रंग कोणते ते त्यांनी सांगावं. हत्याराला धार मी लावून ठेवतो.

पत्र लांबलंय. कापायचं असेल तर जपानचा इतिहास कापा, तो कुठेही वाचायला मिळतो, फ्रिजचं वाक्यही कापलं तर घरी शांतता राहील. पण फ्लेमिंगोच्या चित्राखालची दुरुस्ती तेवढी न विसरता छापा. रेखाटन, कोरकाम, छपाई, तिघांची नावं वेगळ्या मेसेजमध्ये पाठवली आहेत, तिन्ही एका ओळीत आणि एकाच टाइपात घ्या, बाईंचं नाव आधी घेतलं तरी आमची हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, ऐरोली, नवी मुंबई